त्रिकोणाबाहेरचा लंब

तिसऱ्या तासाच्या मध्यावर, चाळीस विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत, भूमितीच्या सरांच्या फळ्यावरून दोन लंब नाहीसे झाले. फळा नवा होता. बोटाने हाताळावयाचा, आतून उजेड देणारा, भिंतीएवढा रुंद असा तो फळा महिन्यापूर्वी प्रत्येक वर्गात जुन्या काळ्या फळ्यावर ठोकून बसविण्यात आला होता, आणि जुन्या फळ्याची केवळ दोन हात रुंदीची पट्टी डाव्या बाजूस उघडी उरली होती. सरांनी आदल्या दिवशी शाळा सुटल्यानंतर दीड तास खपून ती आकृती रचली होती. अबक हा त्रिकोण, त्याचे तीन शिरोलंब, म्हणजे प्रत्येक शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूवर टाकलेले लंब, आणि ते तिन्ही जेथे एकमेकांस छेदतात तो तांबडा संपातबिंदू. शिरोबिंदू बोटाने सरकविला की सारी आकृती त्याच्याबरोबर हलत असे, आणि तांबडा बिंदू आज्ञाधारक मुलासारखा मागोमाग येत असे. दोन मुलांना सरांनी पुढे बोलाविले. त्यांनी ‘अ’ हा वरचा बिंदू पाहुण्याच्या घरातली वस्तू हाताळावी तसा बोटभर सरकविला आणि ते जागेवर गेले. तिसरी आली ती टाचणी. ही मुलगी अंगाने काडीसारखी होती आणि तिचे प्रश्न टोचत असत, म्हणून वर्गाने तिला ते नाव ठेविले होते. तिने ‘अ’ धरला आणि थेट उजवीकडे ओढीत नेला, ‘क’च्याही पलीकडे. त्रिकोण आडवा कलला, आणि दोन लंब व तांबडा बिंदू दिसेनासे झाले. एक लंब तेवढा बिचारा जागेवर राहिला.

“सर, गेले!” पहिल्या बाकावरून कोणी ओरडले.

“बिघडवलंस ना?” सर म्हणाले.

“मी फक्त सरकवला, सर.” टाचणी फळ्याकडेच पाहत होती. “बाहेर पडले असतील ते.”

“बाहेर म्हणजे कुठे?”

“इकडे. त्रिकोणाच्या बाहेर, या मोकळ्या जागेत.”

“अगं, शिरोलंब त्रिकोणाचा असतो. तो काय त्रिकोण सोडून फिरायला जाईल? घरातलं माणूस घरात.” वर्ग हसला. वर्ग हसल्यामुळे सरांना पुढचे वाक्यही सुचले. “आणि यंत्रसुद्धा सांगतंय की नाही म्हणून. यंत्रापेक्षा तुला जास्त कळतं का? बस खाली.”

ती बसली. वर्गाचे हसू ओसरण्यापूर्वीच सरांना जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसे झाले. त्यांनी ‘अ’ उचलून पूर्ववत मध्यभागी आणला. लंब परतले, बिंदू परतला, तास पुढे चालू राहिला. परंतु त्यांच्या तोंडून पुढील वीस मिनिटे जे शब्द निघाले ते त्यांनी स्वतः ऐकले नाहीत.

चौथा तास त्यांस मोकळा होता. शिक्षकांच्या खोलीत खिडकीशेजारच्या आपल्या खुर्चीवर ते ताठ बसले. ते नेहमीच ताठ बसत, ताठ चालत. त्यावरून विद्यार्थी त्यांना मागे ‘ओळंबा’ म्हणतात हे त्यांना ठाऊक होते आणि त्याचा त्यांना मनातून थोडा अभिमानही होता. समोर पाठ्यपुस्तक होते. पान उघडण्याची वस्तुतः आवश्यकता नव्हती. पान कोणते, डावे की उजवे, आकृती वर की खाली, हे ते झोपेतही सांगू शकले असते. तरीही त्यांनी ते उघडले. पहिली आकृती लघुकोन त्रिकोणाची, मोठी, अर्धे पान व्यापणारी. तिच्या खाली, परिच्छेदाच्या शेवटी, एक ओळ: त्रिकोण विशालकोन असल्यास शिरोलंबांचा संपातबिंदू त्रिकोणाच्या बाहेर असतो. आणि तिच्या शेजारी टपाल तिकिटाएवढी दुसरी आकृती. ही ओळ त्यांनी सत्तावीस वर्षांत सत्तावीस वेळा वाचून दाखविली होती आणि प्रत्येक वेळी वर म्हटले होते, “हे फक्त वाचून ठेवा, परीक्षेला येत नाही.” म्हणजे ते त्यांस ठाऊक होते. ठाऊक असूनही मुलीने ते समोर उभे केले तेव्हा त्यांच्या तोंडाने ‘नाही’ म्हटले. हे कसे घडले? माणसाला आपल्या घराचा पत्ता ठाऊक असावा आणि दारात उभे राहून त्याने ‘येथे असे कोणी राहत नाही’ म्हणावे, असा काहीसा हा प्रकार होता.

त्यांनी रिकाम्या कागदावर एक त्रिकोण काढला. हात सरावाने फिरला. तळाची रेघ आडवी, टोक किंचित डावीकडे, तिन्ही कोन बऱ्यापैकी सारखे, कोणाचे कोणाशी वैर नाही. त्यांनी दुसरा काढला. तोही तोच. हा त्रिकोण त्यांच्या हातात त्यांच्या गुरुजींकडून आला होता. ते गुरुजी पट्टीशिवाय सरळ रेघ मारीत, आणि त्यांची ती रेघ पाहूनच पंधरा वर्षांच्या या मुलाने गणिताचा शिक्षक व्हावयाचे ठरविले होते. घराण्याचे नाक जसे पिढ्यानपिढ्या उतरते तसा तो त्रिकोण उतरला होता. ‘कोणताही एक त्रिकोण घ्या,’ असे ते सत्तावीस वर्षे म्हणत आले आणि सत्तावीस वर्षे तोच एक त्रिकोण घेत आले. ‘कोणताही’ हा शब्द त्यांच्या मुखात होता, हातात कधी आलाच नव्हता. नव्या फळ्याविषयी त्यांची तक्रार अशी होती की तो मुलांना विचार करू देणार नाही. प्रशिक्षणाच्या दोन दिवसांत तर त्यांचे डोकेच फिरले होते. एका गुळगुळीत माणसाने ‘आपण आता शिक्षक नाही, सुलभक आहोत’ असे सांगितले होते, आणि घरी येऊन त्यांनी पत्नीला ते सांगितले तेव्हा, रुग्णालयात परिचारिका असलेली ती बाई पायमोजे काढता काढता म्हणाली होती, “मग मी काय, इंजेक्शनवाली सुलभक? सुई मीच टोचते ना?” तेव्हा दोघे पोटभर हसले होते. आता त्या हसण्यात दम वाटेना. फळ्याने कोणाचा विचार थांबविला नव्हता. एका मुलीने त्याच फळ्यावर बोट ठेवून विचार केला होता आणि थांबविणारा दुसराच होता.

परंतु फळ्यावरून लंब गेले कोठे? पुस्तक म्हणते बाहेर असतात. मग ते बाहेर का दिसले नाहीत? यंत्र चुकले असेल तर निदान अर्धा दोष वाटून घेता येईल, असा एक क्षुद्र विचार त्यांच्या मनात आला, आणि तो क्षुद्र आहे हे ओळखूनही त्याचे बोट धरून ते संगणकाच्या शिक्षकाकडे गेले. हा तरुण एका वर्षाच्या करारावर नेमलेला होता आणि सगळ्या शाळेचे बंद पडलेले काहीही त्याच्या टेबलावर येऊन पडत असे. त्याने सरांची आकृती उघडली, दोनदा बोट आपटले आणि म्हणाला, “सर, हे बघा. लंब कशाला भेटवायचा हे विचारलं तेव्हा तुम्ही रेषाखंड निवडलाय. म्हणजे ‘ब’पासून ‘क’पर्यंतचाच तुकडा. लंब त्या तुकड्याच्या पलीकडे पडला की त्याला भेटायला काही उरत नाही, मग तो दिसतच नाही.”

“मग यंत्राचं चुकलं नाही?”

“यंत्र बिचारं तुम्ही सांगाल तेवढंच करतं. पूर्ण रेषा घ्यायची, दोन्हीकडे वाढणारी. थांबा.” त्याने बदल केला, ‘अ’ उजवीकडे ओढला. पायथ्याची रेषा पडद्याच्या कडेपर्यंत गेली होती, आणि लंब तिच्यावर, ‘क’च्या पलीकडे, मोकळ्या जागेत सरळ उतरला होता. तांबडा बिंदू आणखी खाली, त्रिकोणाच्या पूर्ण बाहेर, स्वस्थ बसला होता. “असं व्हायला हवं होतं ना, सर? सगळ्यांचंच होतं हं हे. गेल्या आठवड्यात विज्ञानाच्या बाईंचा लोलक छतातून गायब झाला होता.”

सर हसले नाहीत. टाचणीने बोट दाखविले होते तीच जागा होती ती, बोटाच्या रुंदीइतकाही फरक नव्हता. यंत्राने साक्ष दिली होती असे ते वर्गात म्हणाले होते. वास्तविक यंत्राने त्यांचाच शब्द मोठ्या अक्षरात परत केला होता. बाजूच्या पलीकडे काही नाही, असे आदल्या संध्याकाळी त्यांनीच त्याला पढविले होते.

मधल्या सुट्टीत ते व्हरांड्याच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. मुलांच्या ओरडण्याचा एकसंध आवाज खालून येत होता. त्या आवाजात त्यांना एक जुना आवाज ऐकू आला, कागद फाटल्याचा. ते महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला होते. धाकटा भाऊ नववीत. स्वयंपाकखोलीच्या उंबऱ्याशी सतरंजी टाकून ते त्याला भूमिती शिकवीत. एकदा त्याने असाच एक कललेला, दारू प्यायल्यासारखा त्रिकोण काढला आणि लंब बाहेर सोडला. “गाढवा, घरावर छप्पर घालतोयस की शेजाऱ्याच्या अंगणात?” असे म्हणून त्यांनी ते पान फाडले होते. सतरंजीवरचा तेलाचा डाग, भावाच्या पायाच्या अंगठ्याचे तुटलेले नख, सारे त्यांना दिसू लागले. भावाने पुढे गणित सोडले, शाळाही सोडली, आणि आता तो लोखंडी सांगाडे जोडून गोदामांवर पत्रे चढविण्याचे काम करतो. हे पान आणि ते पत्रे यांच्यामध्ये सरांनी आज प्रथमच एक रेषा ओढली, आणि ती ओढताक्षणी त्यांच्याने राहवेना. त्यांनी फोन लावला.

“दादा? कोण गेलं?”

“कुणी नाही रे.”

“मग दुपारचा फोन? वहिनी बरी आहे ना?”

“सगळे बरे आहेत. तुला आठवतं का, तू नववीत असताना मी तुझं भूमितीचं पान फाडलं होतं?”

पलीकडे कोणीतरी लोखंडावर घण घालीत होते. “कुठलं? तू बरीच फाडलीस.”

“तू लंब बाहेर काढला होतास. तुझं बरोबर होतं.”

“बरं. मग आता काय, मार्क वाढवतोस?” आणि तो मोठ्याने हसला. “अरे दादा, मला ते गणित आवडतच नव्हतं. तू पान फाडलंस की मला खेळायला जायला मिळायचं. मी मुद्दाम वेडंवाकडं काढायचो. तू कशाला डोक्याला त्रास करून घेतोस? ए, ती पट्टी उजवीकडे घे, उजवीकडे! दादा, ठेवतो, इथे माणूस वर आहे.”

फोन बंद झाला. सरांना हलके वाटावयास हवे होते, आणि तसे ते वाटले नाही. क्षमा मागावी आणि समोरच्याने ‘कशाबद्दल?’ म्हणावे, यात सुटका नसते. हातातले ओझे तसेच राहते, फक्त ते ठेवावयाची जागा नाहीशी होते. भावाच्या आयुष्याची कथा त्यांनी पाच मिनिटांत स्वतःभोवती गुंडाळली होती, आणि त्या कथेत ते स्वतः फार मोठे होते. आता ती कथा गळून पडली आणि उरली ती केवळ तिसऱ्या तासाची गोष्ट, ताजी, छोटी.

ती तेवढी छोटी नव्हती हे सुट्टीनंतर कळले. नववीचे वर्गशिक्षक तेच होते, आणि त्या दिवशी पर्यायपत्रके गोळा करावयाची होती. पुढील वर्षी उच्च गणित घ्यावयाचे की सामान्य, हे प्रत्येक विद्यार्थ्याने त्यावर लिहावयाचे. एकदा सामान्य लिहिले की नंतर उच्चकडे परतण्याची वाट नव्हती, आणि अभियांत्रिकी, संगणक, विज्ञानाच्या बहुतेक शाखा त्याच दाराने बंद होत. पत्रके शाळा सुटेपर्यंत कार्यालयात द्यावयाची होती. पालकांनी बहुधा कोऱ्या पत्रकांवरच सह्या करून दिल्या होत्या. चळत त्यांच्या टेबलावर आली. उच्च, सामान्य, सामान्य, उच्च. बाविसावे पत्रक टाचणीचे होते. आईची सही निळ्या शाईची, आठवडाभर घडीत राहिल्याने पुसट झालेली. वरचा शब्द काळ्या शाईचा, आजचा, आणि इतका जोर देऊन लिहिलेला की कागदाच्या मागील बाजूस बोटाला लागत होता. सामान्य.

त्यांनी पत्रक हातात धरून बराच वेळ पाहिले. यावर विषयशिक्षक म्हणून त्यांना सही करावयाची होती. सही केली तर कोणीही काहीही विचारणार नव्हते. मुलगी काही वर्गात पहिली येणारी नव्हती. उत्तरे अर्धवट टाकी, पायऱ्या गाळी, वही अस्वच्छ. ‘तिच्या भल्याचेच आहे’ हे वाक्यसुद्धा तयार होऊन त्यांच्या जिभेवर आले होते, आणि ते इतके सुबक होते की त्यांना त्याची भीती वाटली. चाळीस सह्यांमधील एकोणचाळीस त्यांनी केल्या.

शेवटचा तास वाचनाचा होता. मुले गोष्टींची पुस्तके समोर धरून मागे कुजबुजत होती. सरांनी नवा फळा लावला नाही. ते जुन्या फळ्याच्या उरलेल्या पट्टीपाशी गेले, खिशातला खडू काढला आणि एक विशालकोन त्रिकोण काढला. हात दोनदा आपल्या जुन्या वळणावर गेला. दोनदा त्यांनी पुसून पुन्हा काढला. वर्ग आपोआप शांत झाला.

“तिसऱ्या तासाला मी एक चूक केली,” ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा किंचित वर चढला होता. “लंब त्रिकोणाबाहेर पडू शकतो. इथे पडतो. यंत्राला नीट सांगितलं की तेही दाखवतं, पुस्तकातही आहे. टाचणी म्हणाली...” हे नाव आपण मोठ्याने उच्चारल्याचे त्यांच्या लक्षात आले. वर्ग खिदळला, तीही हसली. “ती म्हणाली ते बरोबर होतं. मी तिला उगाच खाली बसवलं.”

पहिल्या बाकावरून अत्यंत प्रामाणिक प्रश्न आला, “सर, परीक्षेत कुठला काढायचा?”

“कोणताही.”

“पण नक्की कुठला?”

“अरे, कोणताही म्हणजे कोणताही!”

टाचणीने हात वर केला होता. “सर, तुम्हाला आता हे मी सांगितलं म्हणून पटलं, की यंत्रात दिसलं म्हणून?”

सरांनी खोटे बोलण्याचा विचार केला. तो विचार फार लांबचा नव्हता. “यंत्रात दिसलं म्हणून,” ते म्हणाले.

“मग मला अजून पटलेलं नाही,” ती म्हणाली. “दोन लंब बाहेर भेटतील, ठीक आहे. तिसरा त्याच बिंदूतून जाईल कशावरून? दिसतं म्हणून?”

मागून कोणी म्हणाले, “झालं, हिचं सुरू झालं.” सरांनी खडू पुढे केला. ती आली. तिने तिन्ही लंब लांबवून काढले. पट्टी अपुरी पडली तेव्हा खडू फळ्याच्या चौकटीवर आणि थोडा भिंतीवरही गेला. पायथ्याखाली, ‘अ’च्या बरोबर खाली, ते भेटले. त्या बिंदूला तिने ‘म’ म्हटले. मग तिने ‘म’ ‘अ’शी जोडला, ‘म’ ‘ब’शी जोडला आणि डोके एका बाजूला कलते करून पाहत राहिली. सरही पाहत राहिले. दोघांपैकी कोणालाच उत्तर ठाऊक नव्हते, आणि सरांना ही अवस्था वर्गात यापूर्वी कधी आली होती ते आठवेना. “सर,” ती हळूच म्हणाली, “अबम बघा. यात ‘क’ आत आलाय. आणि ‘अक’, ‘बक’ वाढवले की तेच याचे लंब. म्हणजे हा साधा त्रिकोण झाला, ‘क’ त्याचा संपातबिंदू. साध्याचं तुम्ही शिकवलंय, तिन्ही एकाच ठिकाणी भेटतात म्हणून. फक्त हा उलटीकडून सुरू करायचा.”

सरांनी ते मनात एकदा चालवून पाहिले. दोन लंब ‘म’पाशी भेटतात एवढेच घ्यावयाचे, मग ‘अक’ आणि ‘बक’ या रेषा अबम या त्रिकोणाचे दोन लंब ठरतात, त्या ‘क’मध्ये छेदतात, तेव्हा तिसरा ‘म’पासून ‘क’मधून गेलाच पाहिजे. बसत होते. सत्तावीस वर्षे त्यांनी हे पाहिले नव्हते. त्यांना मत्सर वाटला, अगदी स्वच्छ, आणि त्याच्या मागोमाग आनंद. दोहोंमध्ये पुरते अंतरही नव्हते. “पायऱ्या लिहून आण,” ते म्हणाले. “सगळ्या. गाळायची नाही एकही.”

घंटा झाली. वर्ग रिकामा होत असता त्यांनी तिला थांबविले व पत्रक पुढे ठेविले. “हे मी अजून दिलेलं नाही.”

तिने ते पाहिले. “पेनने लिहिलंय, सर. खाडाखोड चालत नाही.”

“तुला बदलायचं आहे का?”

“माहीत नाही.” तिने दप्तराचा पट्टा खांद्यावर नीट केला. “पण मी चिडून लिहिलं होतं. आई म्हणते, चिडून लिहिलेलं पाठवू नये, उद्या पाठवावं. मग उद्याही तेच लिहावंसं वाटलं तर पाठवावं.”

“बरोबर म्हणते.”

“मी उच्च घेईनच असं नाही हं, सर.”

“नको घेऊस. पण उद्या ठरव.”

कार्यालयाच्या खिडकीशी कारकून पत्रकांची चळत मोजून बांधीत होता. त्याने वर न पाहता विचारले, “एकोणचाळीसच?”

“एका मुलीला नवं पत्रक हवं, आणि उद्याची मुदत.”

“सर, तुम्हीसुद्धा? आज सकाळपासून तिसरे. मुदत मोठ्या बाई देतात, आणि कारण लेखी लागतं.” त्याने एक अर्ज सरकविला. “लिहा, पत्रक हरवलं. किंवा विद्यार्थिनी आजारी. हेच दोन चालतात.”

“हरवलेलं नाही. हे काय.”

“अहो, असेल. पण कारण काय लिहू?”

सरांनी पेन काढले. मोठ्या बाई हा अर्ज वाचतील. महिन्याअखेर नव्या फळ्यावरील अध्यापनाचा त्यांचा अहवालही त्याच टेबलावर जाणार होता. शिक्षकांच्या खोलीत हा अर्ज उद्याच्या मधल्या सुट्टीपर्यंत सर्वांच्या तोंडी होईल, हे त्यांना स्पष्ट दिसले. कारणाच्या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात लिहिले: विषयशिक्षकाने वर्गात चुकीचे शिकविले व विद्यार्थिनीचे बरोबर उत्तर चूक ठरविले. खाली सही केली.

कारकुनाने ते वाचले, चष्मा कपाळावर चढविला आणि पुन्हा वाचले. “सर, हे कायम दप्तरी राहतं, बरं का.”

“राहू द्या.”

“आणि पोरीनं उद्याही सामान्यच लिहिलं तर? हे सगळं फुकट.”

“तर मी सही करीन,” सर म्हणाले, आणि कोरे पत्रक घेण्यासाठी त्यांनी खिडकीतून हात पुढे केला.